मढच्या किनाऱ्यावर मालक कोण?

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि २९ केंद्रीय कामगार कायद्यांची जागा त्यांनी घेतली. यांपैकी वेतनविषयक संहिता संसदेने २०१९ मध्ये संमत केली होती. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षितता या विषयांवरील उरलेल्या तीन संहिता २०२० मधील आहेत. पाच-सहा वर्षे पुस्तकात पडून राहिलेला कायदा व्यवहारात उतरला, तेव्हा त्यावर वादंग माजणार हे उघडच होते. कामगारकपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यांना होते, ते तीनशे कामगारांच्या कारखान्यांपुरतेच राहिले. संपापूर्वी नोटीस देण्याची अट सर्वच उद्योगांना लागू झाली. भत्त्यांची एकूण रक्कम निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग वेतनातच धरला जाईल असे ठरले. या तरतुदींवर कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांनी आपापली बाजू हिरिरीने मांडली आणि ते योग्यच झाले.

परंतु या सगळ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, कामगाराला मालक आहे, तो कोण हे सर्वांना ठाऊक आहे आणि प्रश्न उरला आहे तो फक्त दोघांनी एकमेकांशी कसे वागावे एवढाच. गिरणगावात ही समजूत खरी होती. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, तेव्हा आपण कोणत्या गिरणीत कामाला आहोत आणि तिचा मालक कोण, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. आजच्या मुंबईत श्रम करणाऱ्या फार मोठ्या वर्गाच्या बाबतीत मात्र वादाचा आरंभच ‘मालक कोण?’ या प्रश्नाने होतो. तो प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा राहतो हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीत बसले की काही मिनिटांत मढ लागते.

एक गाव, दोन धंदे

मढ हे मुळात कोळ्यांचे गाव. खाडीच्या तोंडाशी होड्या नांगरलेल्या, वाळत घातलेले बोंबील, टेकाडावर जुना किल्ला असे त्याचे रूप वर्षानुवर्षांचे. गेल्या काही दशकांत याच गावाच्या आणि शेजारच्या एरंगळ-भाटीच्या परिसरातील बंगल्यांतून चित्रपटांचे, मालिकांचे आणि जाहिरातींचे चित्रीकरण होऊ लागले. त्यामुळे भल्या पहाटे मढच्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसे कामाला निघालेली दिसतात. एक खलाशी, जो समुद्राकडे जातो. दुसरा लाइटमन, स्पॉटबॉय, सेटिंगवाला किंवा ज्युनियर आर्टिस्ट, जो बंगल्याकडे जातो. पहिल्याचा धंदा शेकडो वर्षांचा, दुसऱ्याचा शतकभराचा. पण कायद्याच्या दारात दोघेही सारखेच उभे राहतात. दोघांच्याही हाती सहसा नेमणुकीचा कागद नसतो.

या कागदाला इतके महत्त्व का, असे कोणी विचारील. ज्या वाचकांना दरमहा वेतनाची चिठ्ठी मिळते, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब कळतो, त्यांना नोकरी आणि तिचे लाभ ही जणू निसर्गदत्त जोडी वाटते. वस्तुतः ती जोडी कायद्यातील एका व्याख्येने बांधलेली असते; ती गाठ सुटली की लाभही सुटतात. याचा अनुभव शिक्षकांनीच घेतलेला आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये दिला. अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम असे शब्द त्या व्याख्येत होते आणि शिकवणे हे त्यांपैकी काहीच नव्हते. शाळेतील शिपायाला आणि कारकुनाला मिळणारी ग्रॅच्युइटी त्याच शाळेतील शिक्षकाला नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. २००९ मध्ये संसदेने व्याख्या बदलली आणि तो बदल एप्रिल १९९७ पासून लागू केला. खाजगी शाळांनी त्याला आव्हान दिले. ते ऑगस्ट २०२२ मध्ये फेटाळले गेले. शिक्षकांची संघटना होती, त्यांच्या नेमणुका कागदावर होत्या, हजेरीपट होते, तरीही एका शब्दासाठी अठरा वर्षे झगडावे लागले. जेथे हजेरीपटच नाही, तेथे काय होत असेल?

चित्रीकरणाची साखळी

चित्रीकरणाच्या कामाची रचना समजून घेतली तर उत्तर मिळते. वाहिनी कार्यक्रमासाठी पैसा देते, निर्मितीसंस्था तो तयार करते, ती दिव्यांचे काम एका पुरवठादाराला, सजावटीचे दुसऱ्याला, माणसे पुरवण्याचे तिसऱ्याला देते आणि तो तिसरा मनुष्य शिफ्टच्या हिशेबाने कामगार आणतो. शिफ्ट लांबते, कन्व्हेयन्सवरून घासाघीस होते आणि मालिकांच्या कामाचे पैसे हाती पडायला तीन-तीन महिने लागतात, ही तक्रार कामगारांच्या संघटनांनी वारंवार केली आहे. २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये याच प्रश्नांवर चित्रपट कामगारांच्या महासंघाने काम बंद ठेवले होते. शिडीवरून पडून एखाद्याचा पाय मोडला, तर साखळीतील प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. कोणी अप्रामाणिक असतोच असे नाही. आपण या मनुष्याचे मालक आहोत असे त्यांच्यापैकी कोणालाच मनापासून वाटत नाही, हे खरे दुखणे आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. या दुखण्यावर कायद्याने औषध सुचवले, त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. १९८१ च्या चित्रपट कामगार कायद्याने लेखी कराराशिवाय कोणालाही कामावर ठेवू नये असे सांगितले आणि कामगार मध्यस्थामार्फत आणला असेल तर करारावर निर्मात्यानेही बांधून घेतले पाहिजे असे म्हटले. त्याच कायद्यात आणखी एक दूरदर्शी तरतूद होती. ज्याने एका किंवा अनेक निर्मात्यांकडे मिळून किमान तीन कथाचित्रांत काम केले असेल, त्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होईल, असे तीत म्हटले होते. म्हणजे मालक बदलला तरी कामगार तोच, आणि लाभ कामगाराबरोबर चालणार, हे तत्त्व संसदेने १९८१ मध्येच मान्य केले होते. पण तो कायदा कथाचित्रांपुरता होता. दूरचित्रवाणीच्या मालिका आल्या, जाहिरातींचा पसारा वाढला, पुढे मोबाइलवर पाहण्याचे कार्यक्रम आले आणि चित्रीकरणाचे बहुतेक काम कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. शिवाय महिना १,६०० रुपये किंवा एकरकमी १५,००० रुपये अशी जी वेतनमर्यादा मूळ कायद्यात होती, ती महागाईपुढे हास्यास्पद ठरली.

नव्या संहितेने ‘दृक्‌श्राव्य कामगार’ अशी व्यापक व्याख्या करून मालिका, जाहिराती आणि डिजिटल निर्मिती आत घेतली, ही निःसंशय सुधारणा आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र दिले पाहिजे, हा नियमही स्वागतार्ह आहे. परंतु ती संहिता ‘आस्थापना’ म्हणते ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची. संपूर्ण चित्रीकरण ही एक आस्थापना मानली तर पन्नास-शंभर माणसे सहज भरतात; पण दिव्यांचा पुरवठादार वेगळा, माणसांचा कंत्राटदार वेगळा अशी मोजणी केली तर प्रत्येकाकडे आठ-नऊच निघतात. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा तर वीसवरून पन्नासवर गेली आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातील दहाची मर्यादा वीस करण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, तिचाही रोख त्याच दिशेचा. लहान व्यावसायिकाला तपासणीच्या जाचातून सोडवावे, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या व्यवसायाची सारी रचनाच लहान लहान तुकड्यांची आहे, तेथे अशी मर्यादा कामगाराला गाळून टाकण्याची चाळणी ठरते.

या चाळणीतून गळलेल्यांचे काय होते, हे मार्च २०२० मध्ये दिसले. साथीमुळे चित्रीकरण थांबले आणि रोजावर काम करणारी हजारो माणसे कलावंतांच्या देणग्यांवर व धान्याच्या वाटपावर दिवस काढू लागली. देणाऱ्यांचे औदार्य खरे होते; परंतु आयुष्यभर काम केलेल्या माणसाने संकटात हक्काऐवजी दयेची वाट पाहावी, हे कोणत्याही उद्योगाला भूषणावह नाही. पुढे एप्रिल २०२३ मध्ये मढ परिसरात किनारी नियम मोडून उभारलेले स्टुडिओ महापालिकेने पाडले. बेकायदा बांधकाम पाडलेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि स्टुडिओवाल्यांना आपले म्हणणे तेथे मांडता आले. त्या मांडवाखाली रोज कामाला येणाऱ्यांना मांडण्यासाठी काही म्हणणेच नव्हते, कारण ते तेथे कामाला होते याचा पुरावा कोणाजवळ असणार?

समुद्रावरचा हिशेब

आता किनाऱ्याकडे वळू. पूर्वी होडीवर घरची, भावकीची माणसे असत आणि मासळीच्या वाट्यावर हिशेब होई. तेथे मालक आणि नोकर हा भेद धूसर होता आणि त्याची गरजही कमी होती. यांत्रिक नौका आल्या, घरची मुले शिकून कचेऱ्यांत गेली आणि नाखव्याला बाहेरून खलाशी आणावे लागले. हे खलाशी कोकणातून, गुजरातेतून, उत्तर भारतातून येतात. हंगामाच्या आरंभी उचल घेतात, पगारावर किंवा पगार अधिक वाट्यावर काम करतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर आणि खलाशी गावी. एका नौकेवर सहा-आठ माणसे, म्हणजे दहाच्या चाळणीखाली आपोआपच.

समजा, असा तीस वर्षांचा एक खलाशी समुद्रात बुडाला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत उतरलेली पद्धत अशी: मासिक वेतनाची निम्मी रक्कम घ्यावी आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणावे. तीस वर्षे वयाला हा आकडा २०७.९८ आहे. २०२० मध्ये ठरवलेले १५,००० रुपये हे कमाल वेतन धरले तर भरपाई साडेपंधरा लाखांहून अधिक होते. पण हे केव्हा? तो नोकर होता हे सिद्ध झाले तर. तो वाटेकरी होता असे ठरले, तर मत्स्यसंपदा योजनेतील सामूहिक अपघात विम्याचे पाच लाख, आणि तेही त्याचे नाव त्या विम्यात असेल तरच. एका शब्दाची किंमत एका विधवेच्या दृष्टीने दहा लाखांवर जाते, ती अशी. त्यातून देह सापडला नाही तर मृत्यूचे कायदेशीर अनुमान निघण्यासाठी सात वर्षे थांबण्याचा प्रसंग येतो. त्या सात वर्षांत तिने काय खावे, याचे उत्तर कोणत्याही संहितेत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मढचा नाखवा हा काही गिरणीमालक नव्हे. नौका कर्जावर, जाळी कर्जावर, डिझेलचा खर्च रोजचा आणि मासळीचा भरवसा नाही. उचल घेऊन खलाशी हंगामाच्या मध्येच निघून जातात, हे त्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. त्याच्यावर एकदम पंधरा लाखांचा बोजा आला तर नौका विकावी लागेल. म्हणून नोकर-मालकाचे नाते नाकारण्याकडे त्याचा कल होतो. तो निर्दय असतो असे नव्हे. ते नाते कबूल करणे त्याला परवडत नाही. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्याने नाखव्याला कर्ज, वीज आणि विमा यांत सवलती मिळण्याची वाट मोकळी झाली. शेतीच्या सवलतींत शेतमजूर जसा बाजूला राहिला तसा येथे खलाशी राहू नये, एवढे मात्र पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ च्या मासेमारीविषयक करारात वाट्यावर काम करणाऱ्यालाही कामगारच मानले आहे आणि प्रत्येकाशी लेखी करार असावा असे म्हटले आहे. तो करार २०१७ मध्ये अमलात आला, तेव्हा त्याला मान्यता देणाऱ्या देशांत भारत नव्हता.

निकाल आणि वाट

न्यायालयांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील मिठागरांचे आगरिया हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असे तेथील कंपनीचे म्हणणे होते. ते मणावर पैसे घेत, कुटुंबासह राबत, कामाचे तास स्वतः ठरवत. तरीही त्यांच्या कामाच्या पद्धतीवर कंपनीचे नियंत्रण आहे म्हणून ते कामगारच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या अखेरीस दिला. १९७८ मध्ये केरळमधील दोरखंडाच्या कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. मध्ये कंत्राटदार उभा असला तरी ज्याच्या धंद्यावर कामगाराचे पोट अवलंबून आहे तो खरा मालक, असा त्या निकालाचा आशय आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबेरच्या चालकांविषयी दिलेला निर्णयही याच जातीचा. तत्त्व पुरेसे स्पष्ट आहे. अडचण ही की, ते प्रत्येक वेळी प्रत्येकाने नव्याने सिद्ध करायचे; आणि त्यासाठी लागणारी वर्षे व वकील हातावर पोट असलेल्या माणसाजवळ नसतात.

तेव्हा ‘मालक कोण?’ हे शोधत बसण्याऐवजी लाभ त्या प्रश्नापासून सोडवून घेता येतील काय, हा खरा विचार आहे. महाराष्ट्राने तो १९६९ मध्येच केला होता. धान्यबाजारात आणि गोदींच्या परिसरात ओझी वाहणाऱ्या हमालांना एकही व्यापारी आपला नोकर म्हणत नव्हता. ते आज याचे तर उद्या त्याचे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले आणि माथाडी कायदा आला. त्याने कामगार आणि मालक दोघांची नोंदणी केली, मध्ये त्रिपक्षीय मंडळ बसवले आणि व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरावी अशी व्यवस्था केली. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार उभे राहिले. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने हेच केले होते. आणि गंमत अशी की, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत याच तत्त्वाची कास धरली आहे: नोकर आहे की नाही हा वाद बाजूला ठेवून कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी. जे मोटारसायकलवर डबे पोचवणाऱ्याला लागू, ते खलाशाला आणि लाइटमनला का नसावे?

यावर आक्षेप निघतील. पहिला, खर्च वाढेल आणि चित्रीकरण दुसऱ्या राज्यात जाईल. पण लेव्ही ही आधी माहीत असलेली, अंदाजपत्रकात धरता येणारी रक्कम असते. अपघातानंतरचा दावा हा अचानक कोसळणारा खर्च असतो. शहाणा व्यावसायिक पहिलीच पत्करील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बनावट संघटना निर्माण झाल्या, अशी तक्रार उद्योजक अनेक वर्षे करीत आहेत आणि तीत तथ्य आहे. परंतु तो दोष देखरेखीचा आहे, लेव्हीच्या तत्त्वाचा नव्हे. नोंदणी कामगाराच्या नावाने झाली आणि रक्कम थेट त्याच्या खात्यात दिसू लागली, तर मध्यस्थाला चरायला कुरण उरत नाही. ई-श्रम यादीत २०२१ पासून तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे आली आहेत. नावे आहेत, पण त्यांच्यासमोर जमा होणारा पैसा नाही. ती यादी खात्यात रूपांतरित करणे हे पुढचे काम आहे.

त्यासाठी नवी कचेरी उघडण्याचीही गरज नाही. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील कराचा परतावा दिला जातो. त्याच संस्थेकडे प्रत्येक नौकेवरील खलाशांची यादी आणि विमा भरल्याची पावती हंगामाच्या आरंभी द्यावी, आणि विम्याच्या हप्त्यात सरकारने वाटा उचलावा. चित्रीकरणासाठी परवानगी घ्यावीच लागते. त्या अर्जाबरोबर कामगारांची यादी आणि लेव्ही घ्यावी, आणि यादीतील प्रत्येकाला, मग तो कोणाही पुरवठादाराचा असो, दोन ओळींचे नेमणूकपत्र निर्मात्याच्या सहीने मिळावे. दहाची चाळणी या दोन धंद्यांपुरती राज्याने काढून टाकावी. कामगार हा विषय समवर्ती सूचीतील आहे. दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. ज्या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला आणि रोजगार हमीचा कायदा देशाच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये केला, त्याला हे अवघड नाही.

चार संहितांच्या यशापयशाचे मोजमाप बड्या कारखान्यांवरून होईल, अशी आपल्याकडे रीत आहे. पण तेथे कायदा थोडा सैल झाला वा घट्ट झाला, तरी कामगाराजवळ संघटना असते, कागद असतो, न्यायालयाची पायरी चढण्याची ताकद असते. खरे मोजमाप मढसारख्या ठिकाणी होईल. तेथील खलाशाच्या आणि लाइटमनच्या खिशात येत्या हंगामात त्याच्या नावाचा एक कागद आला काय, एवढेच पाहावे. तो आला नाही, तर २९ कायद्यांचे चार झाले हा केवळ बांधणीतील फरक ठरेल.